घरासाठी इन्व्हर्टर घेताय? आधी पंखे मोजा

इन्व्हर्टरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घर केवढं आहे?" टू बीएचके म्हटलं की ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि दीडशे एएचची बॅटरी (व्हीए म्हणजे इन्व्हर्टरची ताकद, एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते), त्याहून मोठं म्हटलं की दोन बॅटऱ्या. पाच मिनिटांत कोटेशन हातात. पण इन्व्हर्टर खोल्यांवर चालत नाही. किती वॅटचा लोड किती तास चालवायचा, एवढ्यावरच सगळं ठरतं, आणि ते दुकानदाराला माहीत नसतं. ते तुम्हीच घरून लिहून न्यायचं असतं.

गावच्या घरासाठी आणि मग एकेक करून नातेवाइकांसाठी हे काम माझ्याकडे येत गेलं. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून गावी आई-वडिलांसाठी इन्व्हर्टर बघत असाल, तर पुढचं विशेषकरून तुमच्यासाठी आहे.

१. लाईट किती जाते ते आधी बघा

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंग इतकं होतं की ज्याला परवडेल तो मोठ्यात मोठी बॅटरी घ्यायचा. ती सवय अजून गेलेली नाही. आज तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते महिनाभर कॅलेंडरवर टिपून ठेवा: किती वाजता गेली, किती वाजता आली. गावी असेल तर वडिलांना सांगा. हे काम ते आवडीने करतात आणि महावितरणवर शेरेही लिहून ठेवतात.

साधारण तीन प्रकार दिसतील. रोज थोडा वेळ जाणारी. पुण्यात बऱ्याच भागांत गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते तशी, आठवड्यातून एकदाच पण काही तास जाणारी. आणि एरवी ठीक, पण पहिल्या वळवात तार तुटली की रात्रभर जाणारी. तिसऱ्या प्रकारासाठी भलीमोठी बॅटरी घेणं म्हणजे वर्षातल्या चार रात्रींसाठी बाकीचं वर्षभर पैसे गुंतवून ठेवणं.

तुमची अडचण फक्त 'वर्क फ्रॉम होम करताना वायफाय जातं' एवढीच असेल, तर इन्व्हर्टर घेऊच नका. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (आत बॅटरी असलेली डबी) मिळतो, हजार-दीड हजारांपासून. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतं, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते, म्हणजे दोन आउटपुटवाला यूपीएस घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. मात्र केबलवाल्याचा चौकातला डबा बंद पडला, तर तुमच्या घरातला कुठलाही यूपीएस कामाचा नाही. शेजाऱ्याला विचारा: लाईट गेल्यावर त्याचं नेट चालू राहतं का?

२. काय चालायलाच हवं, याची यादी करा

कागद घ्या आणि खोलीनुसार लिहा. ढोबळ आकडे असे:

- साधा छताचा पंखा: ७० ते ८० वॅट
- बीएलडीसी पंखा (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा): २८ ते ३५ वॅट
- एलईडी बल्ब: ९ वॅट, एलईडी ट्यूब: १८ ते २० वॅट
- ३२ इंची एलईडी टीव्ही: ४० ते ६० वॅट, सेट टॉप बॉक्स वेगळा
- राउटर: १० वॅटच्या आसपास
- लॅपटॉप चार्ज होताना: ४५ ते ६५ वॅट

ही झाली चालणारी मंडळी. गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह, एसी आणि पाण्याची मोटर या यादीत येत नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. मोटर आणि फ्रिज सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात, त्यामुळे फ्रिजवरचा आकडा लहान दिसला तरी फसू नका. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. तेवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. मिक्सरचं म्हणाल तर चटणी लाईट आल्यावर वाटा.

घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असेल तर हिशोब पूर्ण वेगळा. पाच लिटरचं यंत्र ३०० वॅटच्या वर सहज जातं आणि अखंड चालतं. तिथे फक्त इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नये, भरलेला सिलिंडर जवळ हवाच.

३. बॅटरीच्या आधी पंखे बदला

या लेखात एकच मुद्दा वाचायचा असेल तर हा वाचा. घरात चार साधे पंखे आहेत असं धरू. ते झाले ३०० वॅट. दिव्यांचे ६०, राउटरचे १०. एकूण ३७०. आता तेच चार पंखे बीएलडीसी केले तर पंख्यांचे १२० आणि एकूण १९०. लोड जवळजवळ निम्मा झाला, म्हणजे तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ चालेल.

बीएलडीसी पंखा अडीच ते साडेतीन हजारांना पडतो. चार पंख्यांचे साधारण बारा हजार. एवढ्याच किमतीत एक जास्तीची बॅटरी येते, पण बॅटरी चार-पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते आणि पंखा लाईट असतानाही वीज वाचवत राहतो. दिवसाचे बारा तास चालला तर एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटहून थोडी जास्त, म्हणजे महिन्याला सोळाएक युनिटं. दुकानदार हे सांगणार नाही. तो बॅटरी विकतो.

या पंख्यांची दुसरी बाजूही सांगतो. साधा पंखा हळू फिरायला लागला की गल्लीतला इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलतो, किरकोळ खर्चात काम होतं. बीएलडीसीमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते गेलं की तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्ती करणारा मिळेलच असं नाही. म्हणून जास्त वर्षांची वॉरंटी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर बघूनच घ्या. रिमोट हरवतो, हे गृहीत धरा. भिंतीवर रिमोटसाठी होल्डर ठोकून द्या, आणि बटण बंद-चालू करूनही वेग बदलता येतो का ते विचारा. वयस्कर माणसांना दिवसातून दहा वेळा रिमोट शोधायला लावणं बरं नाही.

एक मोठा सापळा: बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर लावायचा नसतो. रेग्युलेटर काढून सरळ बटणावर घ्यावा लागतो. घाईतला वायरमन 'फुल्लवर ठेवा, काही होत नाही' म्हणून निघून जातो. मग कुणीतरी सवयीने रेग्युलेटर फिरवतं आणि पंखा बिघडतो.

चारही एकदम बदलणं जमत नसेल तर झोपायच्या खोल्यांतले आधी बदला. रात्रीचा पंखाच सगळ्यात जास्त वेळ बॅटरीवर असतो.

४. बॅटरी आणि इन्व्हर्टरचा आकार

घरगुती बॅटरी १२ व्होल्टची असते. १५० एएचची म्हणजे १२ गुणिले १५०, एकूण १८०० वॅट-अवर. कागदावर! हा १५० आकडा वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरने वापरली तर मिळतो. भराभर ओढली की कमी मिळतो. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करणं तिच्या आयुष्याला वाईट. म्हणून मी १८०० ऐवजी ११०० धरतो. वरच्या उदाहरणात ३७० वॅटला जेमतेम तीन तास, १९० वॅटला पावणेसहा तास. बॅटरी जुनी होत जाईल तसे हे तास घटतात.

आता इन्व्हर्टर. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटच्या आसपास देतो, कंपनीनुसार थोडं कमी-जास्त. डब्यावर मोठ्या अक्षरांत व्हीए लिहिलेलं असतं, वॅट बारीक अक्षरांत. तो बारीक आकडा वाचा. तुमचा लोड १९० असेल तर ७०० व्हीएसुद्धा पुरतो.

दोन बॅटऱ्यांच्या, म्हणजे २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरकडे शक्यतो जाऊ नका. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या लागतात. एक गेली आणि तिच्या जागी नवी बसवली, तर जुनी नवीलाही खाली ओढते. शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात.

चार्जिंगचा वेळही बघा. रिकामी झालेली १५० एएचची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. तुमच्याकडे लाईटच तुकड्या-तुकड्यांनी येत असेल, तर २०० एएचची मोठी बॅटरी कधी पूर्ण भरणारच नाही, आणि कायम अर्धवट भरलेली लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची, नेहमीची) बॅटरी लवकर मरते. अशा ठिकाणी मोठी बॅटरी घेणं हा उपाय नाही.

'साइन वेव्ह' की 'स्क्वेअर वेव्ह'? साइन वेव्ह इन्व्हर्टर मेनसारखीच वीज देतो, तोच घ्या. स्क्वेअर वेव्हवर साधे पंखे गुणगुणतात आणि तापतात. किमतीतला फरक आता एवढा राहिलेला नाही की यावर वेळ घालवावा.

५. बॅटरी कोणती

लेड-ॲसिडमध्ये फ्लॅट प्लेट आणि ट्युब्युलर असे दोन प्रकार. ट्युब्युलर महाग, पण वारंवार लाईट जाणाऱ्या भागात तीच टिकते. उंच टाकीवाली 'टॉल ट्युब्युलर' घ्या, तिच्यात पाणी जास्त मावतं म्हणून भरायची पाळी उशिरा येते.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, आता घरगुती इन्व्हर्टरसोबतही मिळते. हलकी, पाणी घालायची भानगड नाही, तीन-चार तासांत भरते, कित्येक वर्षं जास्त चालते. किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त. शिवाय जुन्या इन्व्हर्टरला ती सरसकट जोडता येत नाही, चार्जर तिच्यासाठी बनवलेला लागतो. माझं मत असं: आठवड्यातून तासभर लाईट जात असेल तर लिथियमचे पैसे वसूल होत नाहीत. रोज दोन-तीनदा जात असेल, किंवा घरात फक्त सत्तरीपुढची दोन माणसं असतील, तर परवडेल तेव्हा लिथियम घ्या. पाणी कोण भरणार, या प्रश्नाला तेच एक खरं उत्तर आहे. 'मी महिन्यातून एकदा गावी जातो, मी भरेन' असं सगळेच म्हणतात.

६. दुकानात काय बघायचं, कोणते कागद घ्यायचे

बॅटरीवर बनवल्याची तारीख किंवा कोड असतो. कोड कळत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. महिनोन्‌महिने गोदामात पडलेली बॅटरी आपोआप उतरत राहते, नवी असूनही तिचं आयुष्य कमी झालेलं असतं.

वॉरंटी '३६ + २४' अशी लिहिलेली असते. याचा अर्थ साठ महिने फुकट बदली असा नाही. पहिल्या ३६ महिन्यांत बदलून मिळते. नंतरच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर सवलत मिळते, आणि तीही महिन्यागणिक घटत जाते. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना पहिलाच आकडा बघा.

दुकान सोडण्याआधी हातात हवं ते:

- जीएसटी बिल, त्यावर इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्हींचे सिरीयल नंबर
- तारीख आणि शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड, किंवा ऑनलाइन नोंदणीचा मेसेज
- जुनी बॅटरी दिली असेल तर तिची वजा केलेली रक्कम बिलावर वेगळी
- फिटिंग, ट्रॉली आणि वायर यांचे पैसे किमतीत आहेत की वेगळे, हे लेखी

सिरीयल नंबरचे फोटो काढून ठेवा. वर्षभरात ॲसिडच्या वाफेने स्टिकर पुसट होतो. 'बिलाशिवाय हजार कमी' ही ऑफर मिळेलच. नको म्हणा, कारण बिल नसेल तर दुकानदार टाळाटाळ करायला लागल्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करूनही हातात दाखवायला काही राहत नाही.

७. जागा आणि फिटिंग

भरलेली ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. एकदा ठेवली की हलत नाही, म्हणून जागा आधीच ठरवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा बंद कपाट नको, गॅसच्या शेगडीजवळ नको, आणि जिथे समई तेवत असते त्या देवघराच्या खाली तर नकोच. झोपायच्या खोलीतही नको. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते बघा. कोकणात उलट त्रास: दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरा चढतो. तिथे पेट्रोलियम जेली लावून ठेवायची.

बॅटरी आणि इन्व्हर्टर यांमधली वायर जाड आणि आखूडच हवी. ७०० वॅटला १२ व्होल्टवर साठ-सत्तर अँपिअर जातात. 'थोडी वाढवून घेतो' म्हणून बारीक वायर जोडणाऱ्या वायरमनला थांबवा.

फिटिंगच्या वेळी उभं राहून बघायच्या गोष्टी:

इन्व्हर्टरची फेज आणि मेनची फेज कुठेही एकत्र येता कामा नयेत. एखाद्या बोर्डात चुकून जोडली गेली, तर लाईट येते त्या क्षणी इन्व्हर्टर जळतो. ईएलसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं यंत्र) बसवलेलं असेल तर इन्व्हर्टर लाइनची न्यूट्रल कुठून येते ते वायरमनला विचारा. तिथे गोंधळ झाला तर ते सारखं पडत राहतं आणि मग कुणीतरी ते काढूनच टाकतं, जे धोक्याचं आहे. बायपास स्विच बसवून घ्या, म्हणजे इन्व्हर्टर बिघडून दुरुस्तीला गेला तरी घर अंधारात राहणार नाही.

सगळे प्लग इन्व्हर्टरवर देऊ नका. प्रत्येक खोलीत एखादाच द्या आणि त्यावर लाल टिकली चिकटवा. पाहुणे इस्त्री लावतात, लहान मुलं काहीही लावतात.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पंखा किंवा बोर्ड उघडताना मेन स्विच बंद करणं आता पुरेसं नाही. इन्व्हर्टर चालू असेल तर त्या तारांमध्ये २३० व्होल्ट असतातच. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन.

८. मागचं ते छोटं बटण

बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'वाइड' असा एक खटका असतो. यूपीएस मोडमध्ये लाईट गेल्यावर इतक्या चटकन बदल होतो की डेस्कटॉप बंद पडत नाही. पण त्यात व्होल्टेज जरा कमी झालं, १८० च्या खाली गेलं, की इन्व्हर्टर मेन सोडून बॅटरीवर जातो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. मग लाईट असूनही घर बॅटरीवर चालत राहतं, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी संपलेली! 'नवी बॅटरी खराब निघाली' अशी तक्रार आली की मी आधी हा खटका बघायला सांगतो. गावी तो 'नॉर्मल' वर ठेवा. डेस्कटॉप नसेल तर शहरातही.

९. पाणी

लेड-ॲसिड बॅटरीच्या झाकणांवर तरंगणारे निर्देशक असतात. लाल-हिरव्या खुणांवरून पाणी किती उरलंय ते दिसतं. दोन-तीन महिन्यांनी बघा, उन्हाळ्यात दर महिन्याला. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं, आरओचं, पावसाचं चालत नाही. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कुणी मेकॅनिकने सांगितलं तरी. खुणेच्या वर भरू नका, चार्ज होताना उतू जाऊन फरशी आणि ट्रॉली खाते.

टर्मिनल घट्ट करायचे असतील तर इन्व्हर्टर बंद करा आणि अंगठी, बांगड्या, धातूचं घड्याळ काढून ठेवा. पान्हा दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर जी ठिणगी उडते ती साधी नसते.

लाईट फारशी जातच नसेल तर महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर घर बॅटरीवर चालवा. आई-वडील चार महिने तुमच्याकडे राहायला येणार असतील, तर बॅटरी पूर्ण भरून, इन्व्हर्टर बंद करून, एक टर्मिनल सोडवून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी कुणाकडून तरी पुन्हा चार्ज करून घ्या. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी सहसा परत उभी राहत नाही.

१०. 'सोलर बसवतोय, मग इन्व्हर्टर कशाला?'

हा प्रश्न २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून फार येतो. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, आणि बिल खरोखर कमी होतं. पण या योजनेत बहुतेक घरांवर बसते ती ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा. लाईट गेली की तीही बंद होते, भर दुपारी डोक्यावर ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. म्हणजे लाईट जाण्यावर ते उत्तर नाही. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड यंत्रणा विचारावी लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

११. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका

चार-पाच वर्षांनी तास घटून अर्ध्या-पाऊण तासावर आले की बॅटरी बदलायची वेळ झाली. इन्व्हर्टर सहसा तसाच चालू राहतो, म्हणून दुकानदार 'पूर्ण सेट बदला' म्हणाला तर कारण विचारा. जुन्या बॅटरीत शिसं असतं, तिला चांगला भाव येतो, त्यामुळे दोन-तीन दुकानांत बायबॅकची किंमत विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा अधिकृत विक्रेत्याला ती घ्यायला सांगताना संकोच नको. दारावरचा भंगारवाला कधीकधी शंभर-दोनशे जास्त देतो, पण आतलं ॲसिड तो जवळच्या गटारात ओततो. आणि भाव ठरण्याआधी बॅटरी गाडीत चढवू देऊ नका. साठ किलोचं धूड परत खाली उतरवायला कुणी तयार होत नाही.